आठवी-नववीला मानवी हक्क आणि बातम्यांची पारख शिकवायची आहे, मराठीत काय साहित्य मिळेल?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी पुण्यात बिबवेवाडीच्या बाजूला एका अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला समाजशास्त्र शिकवते. यंदा मुख्याध्यापकांनी शनिवारचा एक तास मला मोकळा दिला आहे, विषय माझा मी ठरवायचा. मी तीन गोष्टी एकत्र घ्यायचं ठरवलंय: मानवी हक्क, आपण जगाचेही नागरिक आहोत हे भान, आणि बातम्या व फॉरवर्ड यांची पारख.

तिन्ही एकत्र का? २०१८ साली मोटरसायकलवरून मूल पळवणाऱ्यांचा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. तो मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेविषयी जनजागृती म्हणून केलेला होता. शेवटी ते लोक मूल परत आणून सोडतात आणि पालकांनी काळजी घ्यावी असा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला आणि उरलेला तुकडा ‘आपल्या भागात टोळी आली आहे’ म्हणून पाठवला. अशाच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, भर आठवडी बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं मारून टाकलं. पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं होती ती. यात शेजारच्या देशातली एक चांगली गोष्ट आहे, तिची मोडतोड आहे आणि भटक्या माणसाचा जगण्याचा हक्क आहे. हे तीन वेगळे धडे करून कसे शिकवू?

अडचण साहित्याची आहे. मला सापडलं ते बहुतेक इंग्रजीत. भाषांतर करून घेतलं तरी त्यातली मुलं शाळेच्या पिवळ्या बसमधून जातात आणि दुपारी सँडविच खातात. माझ्या वर्गातली मुलं पीएमपीच्या, म्हणजे शहराच्या सार्वजनिक बसनं येतात. प्रोजेक्टर शनिवारी मिळत नाही, फळा आणि खडू आहेत. ज्यांनी स्वतः वर्गात काही करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

नदीकाठ

फार गरजेचा धागा. वाचते आहे.

---

डेस्कवरचा

ताई, माझं आयुष्य वृत्तपत्राच्या डेस्कवर गेलं. निवृत्तीनंतर दोन-तीन शाळांत जाऊन हे करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात मोबाइलपासून करू नका, कागदापासून करा. आदल्या दिवशी शहरात काहीतरी ठरलंय असा दिवस गाठायचा. पाणीकपात, बसची भाडेवाढ, मिळकतकर, काहीही चालेल. त्या दिवसाची तीन मराठी वर्तमानपत्रं घ्यायची, तीच बातमी तिन्हीतून कापायची आणि फळ्यावर शेजारी शेजारी चिकटवायची. पहिला प्रश्न मथळ्यातल्या शब्दाचा. ‘दरवाढ लादली’, ‘दरवाढीला मंजुरी’, ‘दरांत सुधारणा’ हे तिन्ही मथळे एकाच ठरावाचे असू शकतात. मुलं हे फार पटकन पकडतात. दुसरा प्रश्न, बातमीत बोललंय कोण? अधिकारी बोलले, पदाधिकारी बोलले, थांब्यावर ताटकळणारी बाई बोलली का? तिसरा प्रश्न, बातमीच्या तोंडाशी काय छापलंय? बातमीदाराचं नाव, नुसतं ‘प्रतिनिधी’, की ‘वृत्तसंस्था’? ‘सूत्रांकडून समजते’ दिसलं की पेन्सिलीनं खाली रेघ मारायला सांगतो. मात्र सूत्र म्हटलं की खोटं, असं मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका. काही बातम्या सूत्रांवाचून बाहेरच पडत नाहीत.

पुढचा तास जाहिरातींचा. पुरवण्यांमध्ये हुबेहूब बातमीसारखा मजकूर असतो आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ‘जाहिरात’ किंवा तसलाच एखादा गोलमोल शब्द. एका शाळेत मुलींनी विज्ञानाच्या प्रयोगशाळेतून भिंग आणलं आणि अख्खी पुरवणी तपासली. मग त्यांनीच विचारलं, मोबाइलवर क्रीमची तारीफ करणारी ताई पैसे घेते का? अशा पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहावं, अशी नियमावली अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनं २०२१ मध्ये आणली आहे. तो नियम सांगा आणि कोण पाळतंय ते पुढच्या शनिवारी शोधून आणायला सांगा.

आणि एक. दहावीच्या इतिहासात प्रसारमाध्यमांवर धडाच आहे. मुलं ‘दर्पण’, १८३२, बाळशास्त्री जांभेकर एवढं पाठ करून मोकळी होतात. त्यांना ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांना ‘मूकनायक’ का काढावं लागलं ते विचारा. इतकी वर्तमानपत्रं निघत असताना कुणाचं म्हणणं छापून येत नव्हतं? मग आजचं वर्तमानपत्र पुढ्यात ठेवून हाच प्रश्न पुन्हा विचारा. हक्क आणि माध्यम एका तासात येतात.

---

तळजाई_सकाळी

‘कुणाचं म्हणणं छापून येत नव्हतं’ हा प्रश्न मी माझ्या मुलीला आज विचारला. तिनं क्रीडापान उघडलं आणि मुलींच्या सामन्यांच्या बातम्या मोजायला बसली! डेस्कवरचा काका, आभार.

---

गणित_आधी

सगळ्यांची माफी मागून वेगळं मत मांडतो. माझा मुलगा नववीत आहे. त्याच्या वर्गात अर्ध्या मुलांना अपूर्णांकांचा भागाकार जमत नाही. मिळालेला मोकळा तास त्यासाठी का वापरू नये? दुसरं, जगाचे नागरिक म्हणजे नक्की काय? पासपोर्ट भारताचा, कर भारतात, मत भारतात. आणि बातम्या आल्या की राजकारण आलंच. शिक्षक ज्या बाजूचा, ती बाजू मुलांच्या गळी उतरणार. पालक म्हणून मला ही काळजी खरोखर वाटते.

---

खडूफळा

गणित_आधी, काळजी रास्त आहे. अपूर्णांकांसाठी आमच्याकडे वेगळे जादा तास चालतात. तुमच्या मुलाचं राज्यशास्त्राचं पुस्तक उघडून बघा. संयुक्त राष्ट्रांवर धडा आहे आणि शेवटच्या ‘आंतरराष्ट्रीय समस्या’ या धड्यात मानवी हक्क, पर्यावरण, दहशतवाद, निर्वासित हे सगळं आहे. अभ्यासक्रमाबाहेरचं मी काही आणत नाही. परीक्षेपुरतं घोकलं जातं ते नीट शिकवायचं आहे, इतकंच.

---

वकीलकाकू

जगाचा नागरिक म्हटलं की परदेशी खूळ असं वाटतं, म्हणून आपल्या राज्यघटनेपासून सुरू करा. अनुच्छेद ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय शांतता आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर यांसाठी राज्यानं झटावं असं लिहिलेलं आहे. १९५० पासून आहे ते.

मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये स्वीकारला गेला. त्यात ३० अनुच्छेद आहेत आणि त्याचं मराठी भाषांतर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. भाषा जड आहे, पण एकेक अनुच्छेद एकेका गटाला देऊन ‘पाचवीतल्या भावाला समजेल असं लिहा’ म्हटलं की मुलं सुरेख लिहितात. हा मसुदा करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगातल्या भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता, त्यांची गोष्ट जरूर सांगा. पहिल्या अनुच्छेदाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाची शब्दरचना होती. त्यांनी आग्रह धरून ती ‘सर्व मानव’ अशी करून घेतली. त्या आपल्या संविधान सभेच्याही सदस्य होत्या. मुली हे ऐकताना ताठ बसतात, मी पाहिलंय.

लक्षात ठेवायला एक सोपी गंमत सांगते. १७ हा आकडा. राज्यघटनेचा अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो. बालहक्कांच्या १९८९ च्या संहितेतला अनुच्छेद १७ मुलांना प्रसारमाध्यमांतून चांगली माहिती मिळण्याबद्दल आणि घातक मजकुरापासून संरक्षणाबद्दल आहे. भारत या संहितेत १९९२ मध्ये सामील झाला. आणि शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ सांगतं की शाळेत मुलाला मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. तिन्ही १७ फळ्यावर लिहा, तास भरून जातो.

---

छडी_लागे_छमछम

कलम १७ मुलांना सांगितलं की संपलं. मग गृहपाठ विचारायचीही चोरी. मी शिक्षक आहे, साठ मुलांच्या वर्गापुढे उभा राहतो. हक्क सांगताना कर्तव्यं कोण सांगणार?

---

वकीलकाकू

सर, कर्तव्यंही सांगा ना. अनुच्छेद ५१-क मध्ये आहेत, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं आली. पण कर्तव्य चुकलं म्हणून हक्क काढून घेता येत नाही. ज्या मुलानं गृहपाठ केला नाही त्यालाही मार न खाण्याचा हक्क आहे. गृहपाठ विचारायला कायद्याची कुठलीच आडकाठी नाही.

---

बीड_ते_पुणे

छडी_लागे_छमछम सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत काम केलंय, म्हणून अनुभवानं सांगतो. ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम पुण्याच्याच शांतिलाल मुथ्था फाउंडेशननं २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जि. प. शाळांत सुरू केला आणि पुढे शासनाच्या साथीनं तो राज्यभर गेला. राज्यघटनेतली मूल्यं पाठ न करवता जोडीत, गटात कृती करत शिकायची, अशी त्याची रचना. सगळं मराठीत. वर्गाचे नियम मुलांनीच बसून ठरवायचे, ही त्यातली साधी कृती. आमच्याकडे चौथीच्या मुलांनी ‘एक जण बोलत असताना दुसऱ्यानं बोलायचं नाही, बाईंनीसुद्धा’ असा नियम केला. बाईंनी तो पाळला आणि वर्गातला गोंगाट खरोखर उतरला. खडूफळा, तुमच्या तालुक्यातल्या किंवा शाळांच्या केंद्रातल्या कुणा जुन्या शिक्षकाकडे पुस्तिका नक्की असतील. त्या लहान मुलांसाठी आहेत, पण रीत आठवीलाही चालते.

---

मैदानी

मी किशोरवयीन मुलामुलींची शिबिरं घेते. परदेशी साहित्य सरसकट बाजूला टाकू नका. युरोप परिषदेचं ‘कंपास’ हे मानवी हक्क शिक्षणाचं पुस्तक २००२ मध्ये आलं, संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. त्यातला ‘एक पाऊल पुढे’ हा खेळ मी नेहमी घेते. खडू आणि मैदान असलं की झालं.

प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्यायची, त्यावर एक माणूस लिहिलेला. ती चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. सगळे एका रेषेत उभे राहतात. तुम्ही एकेक वाक्य वाचता आणि ज्याला आपल्या माणसाबद्दल ‘हो’ म्हणावंसं वाटतं तो एक पाऊल पुढे टाकतो. चिठ्ठ्या आपल्या करून घ्यायच्या, सगळी गोम तिथे आहे. माझ्या चिठ्ठ्यांवर असतं: वाघोलीतल्या बांधकामावर राहणाऱ्या मजुराचा मुलगा, ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारी मुलगी, औंधातल्या डॉक्टरांची मुलगी, व्हीलचेअरवरचा बारावीचा विद्यार्थी, सुदानहून शिकायला आलेला मुलगा, मार्केट यार्डातला हमाल, धुणीभांडी करणारी मावशी, नगरसेविका. आणि वाक्यं अशी: ‘आजारी पडलो तर आजच डॉक्टरकडे जाऊ शकतो.’ ‘रात्री आठनंतर बसथांब्यावर एकटं उभं राहायला भीती वाटत नाही.’ ‘माझ्यासारख्या माणसांबद्दल वर्तमानपत्रात चांगलं छापून येतं.’ ‘पोलीस चौकीत गेलो तर मला बसायला खुर्ची देतील.’

खुर्चीच्या वाक्याला काय होतं ते सांगते. डॉक्टरांची मुलगी आणि नगरसेविका सहज पुढे जातात. हमालाची चिठ्ठी असलेला मुलगा एक पाय उचलतो आणि परत ठेवतो. मावशी हलत नाही. एकदा त्या मावशीच्या चिठ्ठीवाली मुलगी शेवटपर्यंत रेषेवरच होती, आणि खेळ संपल्यावर म्हणाली, ‘बाई, पुढे गेलेल्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.’ त्या वाक्यावर पुढचा पाऊण तास चर्चा झाली, मला फारसं बोलावंच लागलं नाही.

दोन खबरदाऱ्या. कुठल्याही मुलाला त्याच्या स्वतःच्या घरासारखी चिठ्ठी जाऊ द्यायची नाही, आधी नीट बघून वाटायच्या. आणि खेळ संपला की प्रत्येकानं चिठ्ठी फाडून ‘मी आता पुन्हा मी’ म्हणायचं. हे विसरलं तर काही मुलं तो भार घरी घेऊन जातात.

---

नदीकाठ

मैदानी, वाचताना घशात आवंढा आला.

---

नवी_पेठ_अभ्यासिका

अवांतर आहे, पण सुदानच्या चिठ्ठीवरून आठवलं. माझा वर्गमित्र पूर्व आफ्रिकेतला आहे. त्याला आमच्या भागात भाड्याने खोली मिळेना. फोनवर मराठीत मी बोललो की खोली रिकामी असायची, तो समोर आला की ‘कालच गेली’. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेनं दिली आणि आता तो त्यांच्याकडून मोदक शिकलाय. पुण्यात इतक्या देशांतली मुलं शिकायला येतात. त्यातल्या एकाला शनिवारी वर्गात बोलवा. मुलांना प्रश्न विचारू द्या. जगाचं नागरिकत्व नकाशावरून कळतं त्यापेक्षा जास्त कळेल.

---

मैदानी

>> त्यातल्या एकाला शनिवारी वर्गात बोलवा

जरूर, पण प्रश्न आधी लिहून घ्या आणि पाहुण्याला दाखवा. नाहीतर पहिलाच प्रश्न ‘तुमच्याकडे सिंह रस्त्यावर असतात का’ हा येतो. त्याच्या खोलीची गोष्टही त्यानं स्वतःहून सांगितली तरच.

---

चिंचवडचा_बाळ

निर्वासितांचा धडा शिकवताना थेट सीरियाला जायच्या आधी लोकलने पिंपरीला या. ‘पिंपरी कॅम्प’ हे नाव का पडलं ते आमच्याकडच्या मुलांनासुद्धा माहीत नसतं. आता कपड्यांची आणि मोबाइलची बाजारपेठ, पण तो कॅम्प म्हणजे फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्यांची छावणी. माझ्या आजीला शेजारच्या सिंधी काकूंनी कढी शिकवली, ती आमच्या घरात अजून होते.

आणि दुसरी गोष्ट कोल्हापूरची. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटलेले पोलंडचे नागरिक, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, इराणमार्गे भारतात आले. त्यांतले सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. पुढे म्हातारे झाल्यावर त्यांतले काही जण आपलं लहानपण बघायला परत वळिवड्याला आले. युरोपातली मुलं महाराष्ट्रात निर्वासित म्हणून वाढली, हे कळलं की मुलांच्या डोक्यातलं चित्र उलटं होतं. कोणावरही ही वेळ येऊ शकते हे वेगळं सांगावं लागत नाही.

---

वकीलकाकू

चिंचवडचा_बाळ, वा! याला जोडून जाहीरनाम्याचा अनुच्छेद १४ घ्यायचा, छळापासून बचावासाठी दुसऱ्या देशात आसरा मागण्याचा हक्क. मोठ्या मुलांना हेही सांगा की निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, तरी तिबेटी, श्रीलंकन तमिळ अशा अनेकांना आपण आसरा दिलाय. दोन्ही बाजूंनी वाद घालायला उत्तम विषय.

---

की_बोर्ड

आता माध्यमांच्या भागाकडे वळतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, रविवारी वस्तीतल्या अभ्यासवर्गात हे शिकवतो.

‘खोटी बातमी ओळखायच्या दहा खुणा’ छाप तक्ते कृपया भिंतीवर लावू नका. शुद्धलेखनाच्या चुका, भडक रंग, उद्गारचिन्हं या खुणा जुन्या झाल्या. आता यंत्रानं तयार केलेला मजकूर शुद्ध मराठीत असतो, आवाज आणि चेहरेही बनवता येतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना तीच संकेतस्थळं तपासायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर वर-खाली करत बसले, चांगल्या दिसणाऱ्या पानाला फसले. तपासनीस मात्र लगेच ते पान सोडून नव्या खिडक्या उघडून बघू लागले की या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात. मुलांना ही एकच सवय लावा: पानावर रेंगाळू नका, बाहेर पडून चौकशी करा. घरी नवा माणूस आला तर आपण त्याच्या शर्टाची इस्त्री बघून विश्वास ठेवत नाही, चार जणांना विचारतो, तसंच.

फळ्यावर चालणारा व्यायाम. दर पावसाळ्यात पुण्यात धरण फुटल्याच्या अफवा येतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत खरंच फुटलं, त्यामुळे पुणेकरांच्या मनात ती भीती आहे आणि अफवा तिच्यावरच जगते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर खऱ्या व्हिडिओंमध्ये परगावचे मिसळून आले. असा एक व्हिडिओ थांबवून त्याची चौकट मोठ्या कागदावर छापून नेतो. मुलांनी गाड्यांच्या पाट्या वाचायच्या. एमएच १२ पुणे, एमएच १४ पिंपरी-चिंचवड, आणि हे काय, जीजे? दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे? लोकांच्या अंगात स्वेटर कसे, जुलै आहे ना? विजेच्या खांबावर काय रंगवलंय? त्यानंतर फोन काढायचा आणि तेच चित्र आधी कुठे आलं होतं ते शोधायला गूगल लेन्स किंवा टिनआय दाखवायचं. आधी डोळे वापरले की मुलं साधनाची गुलाम होत नाहीत.

मराठीत तथ्यतपासणी ‘विश्वास न्यूज’ आणि ‘न्यूजचेकर’ यांची मिळते. पीआयबीचं, म्हणजे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं ‘फॅक्ट चेक’ हे केंद्र सरकारशी संबंधित माहितीपुरतं आहे, हेही मुलांना सांगा. तपासणाऱ्याचीही चौकशी करायची असतेच.

---

तळजाई_सकाळी

‘युनेस्कोने जन गण मन सर्वोत्तम राष्ट्रगीत जाहीर केले’ हा निरोप आजही आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. युनेस्कोनं हे कधीच नाकारलंय. तोच पहिल्या तासाला घ्या, सगळ्या मुलांच्या घरी पोचलेला असणार 😄

---

गणित_आधी

मलाही आला होता. खरा मानला होता. आपलं राष्ट्रगीत सुंदर आहेच, त्याला कुणाचं प्रमाणपत्र कशाला लागतं.

---

की_बोर्ड

गणित_आधी, हे शेवटचं वाक्य जसंच्या तसं वर्गात सांगण्यासारखं आहे. निरोप आवडला म्हणून तो खरा वाटतो, याचं याहून साधं उदाहरण नाही. आणि त्यात कुठलाच पक्ष येत नाही! राजकारणाच्या काळजीवर हाच उपाय. सुरुवातीचे कितीतरी तास आरोग्याचे उपाय, सुट्टीच्या अफवा, फुकट रिचार्ज, पाऊस एवढ्यावर काढता येतात. रीत हातात बसली की पुढे मुलं ती कुठेही वापरतात, माझ्या बाजूच्या निरोपावरसुद्धा. केरळात कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये सुमारे दीडशे सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ नावानं असेच तास झाले. जिल्हाधिकाऱ्यांनी सुरू केले होते. निमित्त लसीकरणाविरुद्धच्या अफवांचं होतं.

---

कोथरूडचे_आजोबा

माझं वय लक्षात घेऊन ऐका. निरोप पाठवणारे आम्हीच जास्त. नातवानं सगळ्यांसमोर ‘आजोबा, तुम्ही फेक पाठवलंत’ म्हटलं की माणूस हट्टाला पेटतो. माझे एक स्नेही त्यावरून ग्रुप सोडून गेले, अजून बोलत नाहीत. मुलांना तपासणी शिकवाल तेव्हा सांगायची पद्धतही शिकवा. वेगळं बाजूला येऊन ‘आजोबा, हे तुम्हाला कुणी पाठवलं? आपण बघू या का मूळ कुठलं आहे?’ असं म्हणावं. माझी नात हेच करते. आता निरोप पुढे पाठवण्याआधी मी तिलाच दाखवतो. तिला महत्त्व मिळतं आणि मला सोबत मिळते. आणि त्या निरोपावर दोन बाण असले, म्हणजे तो फार वेळा पुढे गेलेला आहे, हे तिनंच दाखवलं.

---

डेस्कवरचा

आजोबा, आमच्या डेस्कवर नव्या पोरांना हेच शिकवावं लागायचं. चूक दुरुस्त करायची, माणसाला खाली बघायला लावायचं नाही.

---

गणित_आधी

एक प्रश्न आहे, विषयाला धरूनच. मुलाच्या शाळेनं स्नेहसंमेलनाचे सगळे फोटो फेसबुकवर टाकले, नावांसकट. मुलगा म्हणाला, मला न विचारता का टाकला? मी त्याला ‘एवढं काय त्यात’ म्हणालो. हा धागा वाचून वाटतंय की तो बरोबर बोलत होता. हा हक्कांचाच भाग ना?

---

वकीलकाकू

अगदी. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठानं २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती ठेवली आहे. बालहक्कांच्या संहितेचा अनुच्छेद १२ तर सांगतो की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐकून घ्यायचं. शाळेला भांडणाचा सूर न लावता एक पत्र लिहा, आणि मसुदा मुलाला करू द्या. नागरिकशास्त्राचा याहून चांगला गृहपाठ मला माहीत नाही.

---

छडी_लागे_छमछम

मी अजून सगळ्याशी सहमत नाही. साठ मुलांना मैदानावर रांगेत उभं करून भावनिक खेळ घेणं आणि नंतर सावरणं एका शिक्षकाला झेपत नाही, हे लिहून ठेवा. पण तीन वर्तमानपत्रांचा प्रयोग सोमवारी करून बघणार आहे. कात्रणं चिकटवायला मागचा फळा रिकामाच असतो.

---

मैदानी

सर, साठ असतील तर पंधरा जण खेळतात, बाकीचे कडेनं बघतात आणि नोंदी घेतात. बघणारे कधी कधी जास्त बोलतात.

---

माहितीचा_अर्ज

सगळं शनिवारच्या तासातच राहू नये म्हणून एक सुचवतो. आठवीच्या मुलांनी बसथांब्यावर छप्पर का नाही, यावर माहिती अधिकाराचा अर्ज करावा, सही पालकाची. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ चा नमुना आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांत. तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. मुलं अर्ज लिहितात तेव्हा पहिल्या खेपेला तक्रार लिहितात: ‘छप्पर का नाही, आम्ही भिजतो.’ मग त्यांना शिकवायचं की कागद मागा. छपरांसाठी मंजूर झालेली रक्कम, थांब्यांची यादी, काम दिलेल्या कंत्राटाची प्रत. कागद मागायला शिकलेला मुलगा फॉरवर्ड आल्यावरही कागदच मागतो. कायदा २००५ चा आहे आणि त्याआधी २००२ मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा होता, हे अभिमानानं सांगा.

---

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते. ‘मराठीत साहित्य कुठे’ म्हणून मी तयार पुस्तक शोधत होते. ते एका ठिकाणी नाही, पण आता माझ्यापुढे जाहीरनाम्याचं मराठी भाषांतर आहे, बालभारतीच्या संकेतस्थळावरची नववी-दहावीची पुस्तकं आहेत, मूल्यवर्धनच्या पुस्तिका आमच्या केंद्रातल्या एका बाईंकडे मिळाल्या आणि बाकी सगळं शहरात पडलेलं आहे. परदेशी साहित्यातून खेळाची रीत घेईन, माणसं पुण्यातलीच ठेवेन.

क्रम असा लावते आहे: सुरुवात राष्ट्रगीताच्या निरोपानं, मग तीन वर्तमानपत्रं, मग पाट्यांचा व्हिडिओ. तिथपर्यंत आले की कराचीचा व्हिडिओ आणि राईनपाडा. हे आधी घेऊ नये असं आता वाटतंय, हातात रीत असल्याशिवाय नुसती भीती बसेल. नंतर तीन १७, मैदानातला खेळ, पिंपरी आणि वळिवडे, पाहुणा विद्यार्थी आणि शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज. मैदानी, तुमच्या चिठ्ठ्या आणि वाक्यं पूर्ण इथे टाकाल का? की_बोर्ड, छापलेली चौकट मिळेल का?

---

की_बोर्ड

चौकट शनिवारी सकाळी शाळेत आणून देतो, ए-थ्री आकारात दोन प्रती. व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवा. त्यातले चेहरे आणि घराचे नंबर झाकून देतो, वर खासगीपणावर एवढं बोललोच आहोत.

---

मैदानी

रात्री टाकते. वीस चिठ्ठ्या, अठरा वाक्यं. कुणीही वापरा, बदला, आपल्या गावाची करून घ्या. कुणाला सोलापुरी किंवा खानदेशी चिठ्ठ्या सुचत असतील तर खाली जोडत जा, मी एका फाइलमध्ये बांधते.

---

चिंचवडचा_बाळ

पहिली माझी घ्या: ‘चाकणच्या कंपनीत कंत्राटावर असलेला, झारखंडहून आलेला मुलगा. खोलीत सहा जण राहतात.’ वाक्य: ‘मी मतदानाला गावी जाऊ शकतो.’